खिसेवाला खवीस

आमच्या सिनेमातल्या भुताच्या झग्याला तीन खिसे होते. दोन बाजूंना आणि एक आतून, छातीपाशी. झगा शिवला माझ्या अब्बांनी, घातलाही त्यांनीच, आणि भुताला खिसे कशाला लागतात असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एकच उत्तर होतं, "बिनखिशाचं कापड मी शिवत न्हाई." अम्मी म्हणाली, "कफनाला खिसा नसतो म्हनत्यात." अब्बा म्हणाले, "त्ये पडून राहनाऱ्यांचं. ह्यो उठून फिरतोय." आणि काळ्या अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांवर खडूने रेघा मारायला लागले. गिऱ्हाइकाचा सदरा असो नाहीतर भुताचा झगा, त्यांच्या हातात फरक पडत नसे. काठ दुमडून दोनदा शिलाई, आणि आतली बाजूसुद्धा बाहेरच्यासारखी साफ.

पौडच्या बाजारात आमचं दुकान होतं आणि दुकानामागे दोन खोल्यांचं घर. मधे एक पडदा. पडद्याच्या पुढे अब्बांचं पायमशीन आणि मागे अम्मीची चूल. त्यामुळे माझं सगळं लहानपण त्या मशीनच्या खडखडाटात गेलं. ते थांबलं की मी झोपेतून जागी होत असे. सकाळी चहात बुडवलेला बटर, दुपारी तांदळाची भाकरी आणि धरणातल्या माशाचं कालवण. मासे नसतील त्या दिवशी सुकट, आणि सुकट भाजली की दुकानात बसलेलं गिऱ्हाईक नाक वर करून म्हणायचं, "मास्तर, माप राहू दे, आधी जेवायला बसवा." अब्बा खरंच बसवायचे. सहा फूट उंच माणूस, दाढी छातीपर्यंत, आवाज मात्र इतका हळू की समोरच्याने पुढे झुकावं लागे. आमच्या घरात सगळे मराठीच बोलायचे, आणि अब्बांना आख्ख्या मावळपट्टीतल्या लोकांचे गळे, छात्या, बाह्या पाठ होत्या. नाव विसरतील, माप नाही.

माझी नात आता महाळुंग्याला तेराव्या मजल्यावर राहते. मी गेले की तिच्या मोठ्या टीव्हीवर आम्ही दोघी भुताचे विनोदी सिनेमे लावतो. मोठ्या पैशाचे नाहीत, पाचसहा पोरांनी मिळून सुट्टीत काढलेले, ज्यात रक्त सॉसचं असतं आणि चेटकिणीच्या पायात घरातली रबरी चप्पल दिसते. ती विचारते, "आजी, इतकी स्वस्तातली भुतं तुला का आवडतात गं?" मी शिंप्याची मुलगी. मला उलटी बाजू बघायची सवय आहे. महागाच्या सिनेमात शिलाई सापडतच नाही, भूत पैशाने आणलेलं असतं आणि भीतीपण. या पोरांच्या सिनेमात धागा लोंबताना दिसतो, आणि त्या धाग्याला धरून गेलं की कुणीतरी भेटतं. कुणाचा काका, कुणाची शेजारीण. कुणीतरी दिवसभराचं काम आटोपून तोंडाला पीठ फासून उभं आहे, आपण घाबरावं म्हणून. एवढी मेहनत बघून मला त्यांची कीव येत नाही, माया येते. पण हे तिला कळायचं तर आमच्या सिनेमाचं सांगावं लागेल, आणि त्यात माझी एक चूक आहे, जी मी तिला अजून सांगितलेली नाही.

बाळू माले गावचा. घरची भातखाचरं होती, बाप शेतीत राबत होता, आणि बाळूने मात्र लग्नाच्या शूटिंगचा खांद्यावर घ्यायचा जड कॅमेरा घेतला होता. बाजारात आमच्या समोरच्या ओळीत त्याचा गाळा होता. वर्षभर नवरानवरी, हळद आणि जेवणावळी काढून तो कंटाळला. एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "मास्तर, मी आता पिच्चर काढनार. भुताचा. लोकं घाबरून उठून पळाली पायजेत." हिरो ठरला होता, त्याचा दोस्त किसन, दूध डेरीवर माप घेणारा. भूत सापडत नव्हतं. त्याला उंच माणूस हवा होता, आणि त्याने उंच म्हणताच पडद्यामागून मी म्हणाले, "आमच्या अब्बांपेक्षा उंच कोन हाय?" मी अठरा वर्षांची होते. बोलायचं आणि मग विचार करायचा, असं माझं तेव्हा चालायचं. अब्बा सुई दातात धरून हसले. सुई दातात असताना ते नाही म्हणू शकत नसत, म्हणून बाळूने ते हो समजलं.

अडचण दोन दिवसांनी मामूने काढली. मामू म्हणजे अम्मीचा भाऊ, बाळूच्या गाळ्यासमोर त्याची बेकरी. गोष्ट खवीसाची आहे हे त्याला किसनकडून कळलं आणि तो मैद्याच्या हाताने तसाच घरात आला. "दाजी, तुमाला ठाऊक न्हाई व्हय? मुंज झालेलं पोर मेलं की मुंजा, बाळंतीन मेली की हडळ, आन आपल्यातला मेला की खवीस. भुतातबी जात हाय. त्यांनी बराबर आपला मानूस बघून घेतलाय." अम्मीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. त्या दिवसांत शहरातून बातम्या चांगल्या येत नव्हत्या. आमच्या बाजारात कुणी काही केलं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. पण चारजण बोलत उभे असले आणि आम्ही जवळून गेलो की विषय बदलायचा. पूर्वी तो बदलत नसे. अम्मी अब्बांना म्हणाली, "लोकं आधीच बघत्यात. त्यात तुमी दाढी घेऊन भूत व्हनार, मानसांचे गळे दाबनार. उद्या पोरं बाजारात तुमाला खवीस म्हनतील. पोरीचं लग्न करायचं हाय." ती रागावली नव्हती, घाबरली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

मी तशीच बाळूच्या गाळ्यावर गेले. तो कॅमेऱ्याची काच पुसत होता. मी सांगितलं तेव्हा त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. "आयला," तो म्हणाला, "मी इचारच केला न्हाई. आमचा आजा खवीसाच्या गोष्टी सांगायचा, म्हनून खवीस. नजमा, आईशपथ." मला त्याचं खरं वाटलं. आजही वाटतं. न्हावी, सुतार, शिंपी यांच्यात वाढलेल्या माणसाला शिंपी शिंपीच दिसतो, त्याचा खवीस करताना तो मुसलमान आहे हे आठवत नाही. ही चूक आमच्याकडचीच, आणि त्यात थोडा चांगुलपणापण आहे. तो लगेच अब्बांकडे आला, खवीस काढून मुंजा करतो म्हणाला. अब्बांनी आरशात स्वतःची उंची आणि दाढी पाहिली. "मला मुंजा कर म्हनतोस? मुंजीच्या पोराला एवढी दाढी?" मग म्हणाले, "राहू दे खवीस. मेल्यावर का व्हईना, आपल्याला गावच्या गोष्टीत जागा हाय म्हनायचं." मामू उठून गेला. त्या दिवशी अम्मीच्या कालवणात मीठ पडलं नव्हतं.

शूटिंग मालेत, किसनच्या घरामागच्या आंबराईत. दिवे नव्हते म्हणून रात्रीचे सगळे प्रसंग भर दुपारी, कॅमेऱ्यावर निळा जिलेटीन कागद लावून. बाळूचं म्हणणं होतं की निळं दिसलं की रात्रच वाटते. तशी ती वाटली नाही, निळी दुपार वाटली, सावल्यांसकट. धुक्यासाठी ओल्या भुश्यावर गोवऱ्या पेटवल्या. धूर झाला पण तो भुताच्याच नाकात गेला, आणि खवीस जो खोकायला लागला तो पाणी पिऊनच थांबला. रक्त मी केलं, गुळाच्या पाकात कुंकू कालवून. रंग झकास आला, पण किसन मरून पडला की पाच मिनिटांत त्याला मुंग्या लागायच्या, आणि मेलेला माणूस मांडी खाजवायचा. भूत येतानाचा आवाज म्हणून अब्बांच्या मशीनचा खडखडाट टेपवर घेतला होता. तो मात्र खरंच भीतिदायक होता. ओळखीचा आवाज आंबराईत नको त्या जागी ऐकला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

आणि मग गळा दाबायचा प्रसंग. किसन झाडाला पाठ लावून उभा, अब्बा धुरातून येतात, दोन्ही हात त्याच्या गळ्यावर ठेवतात, किसन डोळे फिरवतो आणि मरतो. साधी गोष्ट. अब्बा आले, अगदी बघण्यासारखे आले, झगा मागे फडफडतोय, डोळे मोठे. हात गळ्यावर गेले. बोटं मागून पुढे फिरली, अंगठा कंठाशी टेकला, आणि माझे अब्बा त्यांच्या रोजच्या हळू आवाजात म्हणाले, "पंधरा. दिवाळीला साडेचौदा हुता. खातोयस लई." किसन डोळे फिरवलेल्या अवस्थेतच म्हणाला, "डेरीवरचं दूध हाय, मास्तर." मग दोघांच्या लक्षात आलं.

बाळूने कॅमेरा खाली ठेवून कपाळाला हात लावला. पुन्हा केलं. या वेळी अब्बा बोलले नाहीत, पण त्यांचे ओठ हलले आणि त्यावर पंधरा स्पष्ट वाचता येत होतं. तिसऱ्या वेळी तेही आवरलं, गळा चांगला दाबला, किसन मेला, आणि तो खाली घसरत असताना अब्बांनी त्याची वाकडी बसलेली कॉलर सरळ केली. तीस वर्षं त्या हातांनी गळ्याभोवती जाऊन एकच काम केलं होतं. दुसरं काम त्यांना येत नव्हतं. अब्बा फार खजील झाले. जाताना बाळूला म्हणाले, "त्येवढं काढून टाक बाबा. लोकं म्हनतील, ह्याला भूतबी व्हता येत न्हाई." बाळू म्हणाला, "काढतो, मास्तर. तुमी काळजी करू नका."

जोडणीचं काम बाळूच्या गाळ्यात चाललं. दोन व्हीसीआर, एकावर लावायचं, दुसऱ्यावर उतरवायचं. मी मदतीला बसायची. शटर पूर्ण उघडं आणि समोर मामूची बेकरी, म्हणून अम्मीची हरकत नव्हती. गळ्याचा तुकडा आला तेव्हा बाळूचं बोट बटणावर होतं. मी म्हणाले, "थांब, एकदा बघू." बघितलं. बाळू हसायला लागला, इतका की त्याला भिंतीला धरावं लागलं. मी हसले आणि मग मला रडू आलं, कारण पडद्यावर पहिल्यांदाच मला कुणी भूत नाही, दाढी नाही, माझे अब्बाच दिसले. मी म्हणाले, "ह्ये ठेव." तो म्हणाला, "मास्तरांना काढतो म्हनलोय." मी म्हणाले, "मी सांगते त्यांना." आणि मी सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते करत दहा दिवस गेले. भीती वाटली की ते नको म्हणतील, आणि त्याहून मोठी भीती अशी की नको न म्हणता गप्प बसतील.

खेळ मालेच्या समाजमंदिरात, रविवारी दुपारी, कारण संध्याकाळी वीज जायची. खिडक्यांना पोती लावली, टेबलावर टेबल ठेवून त्यावर भाड्याचा रंगीत टीव्ही. माणसं मावेनात. अम्मी आली नाही. मामूही नाही. अब्बा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि सगळ्यात मागे दाराशी बसले. मी बायकांमध्ये, पण मान सारखी मागे. पोरीने स्वतःच्या बापाला चारशे माणसांसमोर बसवलं आहे, आणि काय होणार आहे हे त्याला ठाऊक नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. (चारशे नसतील. दीडशे असतील. मला चारशे दिसत होती.)

सुरुवातीला लोक खरंच घाबरले. निळी दुपार, मशीनचा आवाज, धुरातून येणारा तो उंच काळा झगा. एक म्हातारी देवाचं नाव घ्यायला लागली. माझ्या पुढे बसलेली बाई हळूच शेजारणीला म्हणाली, "त्यो दाढीवाला कोन गं? मला न्हाई बघवत." मला ते लागलं. मग हात गळ्यावर गेले. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. आणि माझ्या अब्बांचा हळू आवाज आला, "पंधरा."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्ये तर आपलं मास्तर." आणि समाजमंदिर हशाने फुटलं. पोती हलली, टेबल हललं, किसनने दुधाचं सांगितलं ते कुणाला ऐकूच आलं नाही. बाळूला कॅसेट थांबवून परत मागे घ्यावी लागली, आणि परत तसंच. मी मागे वळून पाहिलं. सगळे हसत होते, एक सोडून. अब्बा उठले, दार थोडं उघडलं, आणि बाहेर गेले.

बाकीचा सिनेमा मी पाहिला नाही. बाहेर एसटीच्या थांब्यावर ते उभे होते, टोपी हातात. मी जवळ जाऊन उभी राहिले. "बाळूनं न्हाई काढलं," ते म्हणाले. मी म्हणाले, "मी नगं म्हनलं, अब्बा. मी ठेवाय लावलं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला इचारायचं हुतंस. कापड कापायच्या आधी इचारत्यात." मला आयुष्यात पुष्कळ लोक रागावले, माझा नवरा, साहेब, सासू. पण ते एक वाक्य अजून माझ्या अंगात आहे. मी माफी मागितली नाही.

तेवढ्यात खेळ सुटला. लोक बाहेर यायला लागले, आणि पहिला आला तो किसनचा चुलता, गावातला भांडकुदळ माणूस, ज्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहत नसे. तो सरळ अब्बांपुढे येऊन थांबला, सदऱ्याचं वरचं बटण काढलं, मान वर केली. "मास्तर, माझा किती?" अब्बांनी नुसतं पाहिलं. "सतरा," ते म्हणाले. "वरचं बटन लावत जाऊ नका, गुदमरताल." लोक हसले, चुलतापण हसला. मग दुसरा आला, मग कुणी आपल्या पोराला पुढे ढकललं. एसटी येईपर्यंत अब्बा गळे सांगत होते, कुणाचा साडेचौदा, कुणाचा सोळा, आणि एकालाही त्यांनी हात लावला नाही. माझ्या पुढे बसलेली ती बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. नवऱ्याचा गळा सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी लई भ्याले हुते तुमाला." अब्बा म्हणाले, "मीबी भ्यालो हुतो."

घरी आलो तेव्हा अम्मी चुलीपाशी बसलेली होती. भाकरी थापून झाल्या होत्या, म्हणजे ती केव्हापासून आमच्या वाटेवर डोळे लावून बसली असणार. तिने पाणी दिलं. अब्बांनी हात धुतले, पाटावर बसले. अम्मीने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

"हसले?" तिने विचारलं.

"हसले."

"तुमाला?"

अब्बांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "आधी भ्याले," ते म्हणाले. "मला बघून भ्याले, तू म्हनत हुतीस तसंच. मला दिसत हुतं मागनं, एकेकाची मान. मग कळलं त्यांना की ह्यो आपला शिंपी हाय, आन त्यांचं भ्या गेलं. माझ्या डोळ्याम्होरं गेलं. आता कुनाला मला भ्यायचं झालं तर आधी हसू येईल." मग तुकडा कालवणात बुडवला. "नजमानं इचारलं न्हाई, त्ये चुकलं तिचं. पन कापड बराबर कापलं."

अम्मीने मला वाढलं, स्वतःला घेतलं, आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं. अर्धी भाकरी संपल्यावर तिने विचारलं, "परत हाय का त्ये?"

"उद्या दुपारी हाय," मी म्हणाले. "बरीच लोकं भाईर राहिली."

"मग दुकान बंद ठेवा उद्या," ती अब्बांना म्हणाली. "मी येनार हाय. आन मागं न्हाई बसनार."